पत्त्यातलं ते ‘:३०००’ घालवायचं कसं? एन्जिनएक्सने रिव्हर्स प्रॉक्सी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी एक छोटं ॲप करून दिलं होतं. पुस्तक शोधायचं, ते कपाटात आहे की कुणी नेलंय ते बघायचं, बस एवढंच. नोडमध्ये (म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) लिहिलेलं, भाड्याच्या एका लहानशा उबंटू लिनक्सच्या सर्व्हरवर चढवलं, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून पुढे कोलन ३००० टाकलं की मस्त उघडायचं. मग ग्रंथपाल बाईंना फोनवर पत्ता सांगितला, डॉट कॉम झालं की दोन टिंबं द्या, विसर्गासारखी, आणि मग तीन हजार. बाईंनी दारातल्या फळ्यावर खडूने सुबक अक्षरात पत्ता लिहिला, पण ती टिंबं गळाली, आणि आठवडाभर एकाही सभासदाला साईट उघडता आली नाही. टिंबं घातल्यावरसुद्धा एक सभासद होते, त्यांच्या ऑफिसच्या नेटवर्कवरून ती उघडेचना, कारण तिथे ८० आणि ४४३ सोडून बाकी पोर्ट बंद. तेव्हा कळलं की पोर्ट नंबर लपवणं ही काही नुसती दिसण्याची गोष्ट नाहीये, लोकांना साईट वापरता येते की नाही याचाच प्रश्न आहे.

तर हे काम एन्जिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रामने पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं करायचं ते सांगतो. उदाहरण माझंच घेतो: उबंटू सर्व्हर, नोडचं ॲप ३००० वर, आणि ग्रंथालय.एक्झाम्पल.कॉम असं समजा डोमेन आहे. तुमचं जँगो असेल तर बहुतेक ८००० वर असेल, फ्लास्क ५००० वर, टॉमकॅट नाहीतर जेन्किन्स ८०८० वर, स्ट्रीमलिट ८५०१ वर. फक्त आकडा बदला, बाकी सगळं तेच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कमांड आणि कॉन्फिग मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलंय, फोनवर शेजारी बसून सांगतो तसं. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. एन्जिनएक्सचं स्पेलिंग मात्र उच्चारावरून कळत नाही, ते एन, जी, आय, एन, एक्स असं पाच अक्षरांचं आहे, मध्ये ई नाही.

पोर्ट म्हणजे काय आणि काही साईटना तो का दिसत नाही

सर्व्हर म्हणजे एक मोठी इमारत समजा आणि पोर्ट म्हणजे तिच्यातल्या खोल्यांचे नंबर. ० ते ६५५३५ एवढे नंबर असतात. एका नंबरवर एका वेळी एकच प्रोग्राम ऐकत बसतो. आता मोठमोठ्या साईट्सच्या पत्त्यात नंबर का नसतो? तर त्यांनाही नंबर असतोच, फक्त एचटीटीपीसाठी ८० आणि एचटीटीपीएससाठी ४४३ हे ठरलेले आहेत म्हणून ब्राउझर ते स्वतःच धरून चालतो आणि दाखवत नाही. म्हणजे आपल्याला पोर्ट ‘काढून टाकायचा’ नाहीये, आपल्याला लोकांना ८० किंवा ४४३ वर येऊ द्यायचंय आणि तिथून आतल्या आत ३००० पर्यंत पोचवायचंय. एवढं एक डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवातीला सगळे जिथे चुकतात

पहिली चूक डीएनएसची. डोमेन घेतलं, ए रेकॉर्डमध्ये (हे डोमेन कुठल्या आयपीवर आहे ते सांगणारी नोंद) सर्व्हरचा आयपी टाकायला गेलो आणि वाटलं इथेच आयपीच्या पुढे कोलन ३००० टाकू. तसं होत नाही. ए रेकॉर्डमध्ये फक्त आयपी बसतो, पोर्टला तिथे जागाच नाही. डीएनएस म्हणजे इमारतीचा पत्ता सांगणारा माणूस, खोली नंबर सांगणं त्याचं काम नाही. एसआरव्ही नावाचा रेकॉर्ड असतो ज्यात पोर्ट लिहिता येतो, पण वेबसाईट उघडताना ब्राउझर तो बघतच नाहीत, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

दुसरी चूक म्हणजे रिडायरेक्ट. डोमेन विकणाऱ्यांच्या पॅनलमध्ये ‘फॉरवर्डिंग’ असं बटण असतं, त्यात पोर्टसकट पत्ता टाकला की चालतं, पण उघडल्यावर ब्राउझरच्या पट्टीत परत ३००० दिसायला लागतं. नव्या माणसाचा सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. तहसील कचेरीत दाखल्याला गेलात आणि पहिल्या टेबलवरचा माणूस म्हणाला, तीन नंबरच्या खिडकीवर जा, तर तो झाला रिडायरेक्ट. तुम्हाला स्वतःला उठून जावं लागतं, खिडकीचा नंबरही कळतो. पण त्याच माणसाने तुमचा अर्ज हातात घेतला, स्वतः आत जाऊन सही-शिक्का घेऊन आला आणि दाखला तुमच्या हातात दिला, तर ती झाली प्रॉक्सी. तुम्ही जागचे हलला नाहीत, आत कुठली खिडकी होती तेही कळलं नाही. आपल्याला ही दुसरी गोष्ट हवीये. बाहेरच्या माणसाच्या वतीने नाही तर सर्व्हरच्या वतीने दारात बसते म्हणून तिला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात.

तिसरी वाट म्हणजे ॲपच सरळ ८० वर चालवायचं. लिनक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला घेता येत नाहीत, मग लोक सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायचा शब्द) लावून ॲप रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून चालवतात. चालतं, पण कृपा करून करू नका. तुमच्या कोडमध्ये किंवा एनपीएमवरून (नोडच्या तयार पॅकेजांच्या भांडारातून) आणलेल्या कुठल्याही पॅकेजमध्ये भोक निघालं तर आत शिरलेल्याच्या हातात सगळा सर्व्हर जातो. सेटकॅप नावाच्या कमांडने रूट न होता ८० वापरायची परवानगी देता येते, ती त्यातल्या त्यात बरी, पण मग सर्टिफिकेट, दुसरं ॲप, लॉग हे सगळं तुम्हालाच ॲपमध्ये सांभाळत बसावं लागतं आणि उद्या दुसरं ॲप चढवायचं झालं की अडलं, कारण ८० तर पहिल्यानेच धरून ठेवलंय.

आयपीटेबल्सने (लिनक्सच्या नेटवर्क नियमांच्या कमांडने) ८० वर आलेलं सरळ ८०८० वर वळवायचं, असं जुन्या टॉमकॅटवाल्यांकडून ऐकायला मिळेल. तेही चालतं, आणि पत्त्यात पोर्ट दिसत नाही, कारण वळवणं कर्नलच्या पातळीवर होतं. पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की नियम पुसले जातात, ते सेव्ह करायची वेगळी सोय करावी लागते, आणि त्याच सर्व्हरवरून स्वतःच टेस्ट केलं तर प्रीराउटिंगचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांसाठीचा, नियम लागूच होत नाही, मग माणूस तासभर डोकं धरून बसतो. एकच ॲप, घरातल्या नेटवर्कपुरतं असेल तर ठीक आहे. लोकांसाठी साईट असेल तर एन्जिनएक्सच टाका.

एन्जिनएक्सच का, अपाचे का नाही? अपाचेनेही होतं, मॉड प्रॉक्सी लावून. तुमच्या सर्व्हरवर आधीच अपाचे असेल तर तेच वापरा. पण कोरी पाटी असेल तर एन्जिनएक्स, कारण इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रामरने ते २००४ मध्ये बाहेर काढलं तेच मुळी एका सर्व्हरवर एकाच वेळी हजारो जोडण्या कमी मेमरीत सांभाळता याव्यात म्हणून, त्यामुळे आपल्या एक जीबीच्या सर्व्हरवरही ते निवांत चालतं.

आता कामाला लागू

पायरी एक, ॲप खरंच चालू आहे का ते सर्व्हरवरच बघा. एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड देण्याच्या सोयीने) आत जा आणि टाका: कर्ल, स्पेस, डॅश कॅपिटल आय, स्पेस, एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००. १२७.०.०.१ म्हणजे हाच सर्व्हर स्वतः. उत्तरात पहिल्या ओळीत २०० दिसलं, नाहीतर लॉगिनवर पाठवणारं ३०२ दिसलं, तरी झालं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर ॲपच बंद आहे, आधी ते सुरू करा, पुढे जाऊच नका. ही पायरी लोक टाळतात आणि नंतर एन्जिनएक्सला दोष देत बसतात.

पायरी दोन, ॲपला सांगा की फक्त आतल्यांचंच ऐक. सुडो एसएस डॅश टीएलएनपी अशी कमांड द्या, कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर बसलाय त्याची यादी येते. तुमच्या ॲपच्या ओळीत ०.०.०.०:३००० किंवा तारा नाहीतर दोन चौकटी कंसात कोलन असं काही दिसलं तर ॲप सगळ्या जगाचं ऐकतंय. तिथे १२७.०.०.१:३००० दिसायला हवं. नोडच्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये लिसनला पोर्टनंतर दुसरा आर्ग्युमेंट म्हणून ‘१२७.०.०.१’ द्यायचा, एवढंच. जँगोचा रनसर्व्हर आणि फ्लास्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर आपसूकच आतल्याआत ऐकतात (हे दोन्ही खऱ्या साईटला वापरू नका, गनिकॉर्न लावा, तोही तसाच १२७.०.०.१ वर). टॉमकॅटला सर्व्हर.एक्सएमएल मध्ये कनेक्टरच्या ओळीत ॲड्रेस द्यावा लागतो.

डॉकर वापरत असाल तर इथे नीट लक्ष द्या. डॅश पी ३०००:३००० असं लिहिलं की डॉकर स्वतःचे नियम आयपीटेबल्समध्ये टाकतो आणि तुम्ही यूएफडब्ल्यूमध्ये (उबंटूच्या फायरवॉलमध्ये) ३००० बंद ठेवलं असलं तरी ते बाहेरून उघडतं. कितीतरी लोकांचे डेटाबेस असेच उघडे पडलेले असतात. त्यामुळे १२७.०.०.१:३०००:३००० असं पूर्ण लिहा.

पायरी तीन, डोमेनचा ए रेकॉर्ड सर्व्हरच्या आयपीवर ठेवा, नुसता आयपी, पोर्ट नाही. मग डिग किंवा पिंग करून डोमेनचा आयपी बरोबर येतोय का बघा. कधी पाच मिनिटांत होतं कधी तासभर लागतो, तोवर चहा घ्या.

पायरी चार फायरवॉल. यूएफडब्ल्यू अजून चालू केलं नसेल तर क्रम चुकवू नका: आधी सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच, आणि मगच सुडो यूएफडब्ल्यू एनेबल. उलटं केलंत तर पुढच्या वेळी तुम्हालाच आत येता येणार नाही आणि सर्व्हरवाल्यांच्या वेब कन्सोलमधून शिरावं लागेल. एन्जिनएक्स टाकल्यावर (पुढची पायरी) सुडो यूएफडब्ल्यू अलाउ आणि अवतरणात ‘एन्जिनएक्स फुल’ दिलं की ८० आणि ४४३ दोन्ही उघडतात. शिवाय बऱ्याच क्लाउडवाल्यांची स्वतःची वेगळी फायरवॉल असते, सिक्युरिटी ग्रुप वगैरे नावाची, तिथेही हे दोन पोर्ट उघडावे लागतात. सर्व्हरमध्ये सगळं बरोबर आणि तरी बाहेरून पान नुसतं फिरत राहतंय, तर दहातल्या नऊ वेळा हेच राहिलेलं असतं.

पायरी पाच, एन्जिनएक्स. सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी इन्स्टॉल एन्जिनएक्स. झालं की पायरी चारमधली ‘एन्जिनएक्स फुल’ची कमांड द्या आणि ब्राउझरमध्ये डोमेन टाका, पोर्ट न देता. ‘वेलकम टू एन्जिनएक्स’ असं पांढरं पान दिसलं की समजा दारात माणूस बसला, आता त्याला आतली खिडकी दाखवायची.

कॉन्फिगची फाईल

उबंटूमध्ये साईटच्या फाईली ईटीसी, एन्जिनएक्स, साईट्स-अवेलेबल या फोल्डरमध्ये ठेवतात. तिथे सुडो नॅनो करून ग्रंथालय नावाची नवीन फाईल उघडा आणि हे लिहा:

सर्व्हर {
    लिसन ८०;
    लिसन [::]:८०;
    सर्व्हर_नेम ग्रंथालय.एक्झाम्पल.कॉम;

    लोकेशन / {
        प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००;
        प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;
        प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-रिअल-आयपी $रिमोट_ॲडर;
        प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर $प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर;
        प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो $स्कीम;
    }
}

कंसाच्या ओळी सोडून प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम हवाच, एक जरी राहिला तरी एन्जिनएक्स रुसतो. शब्दांच्या मधली खालची आडवी रेघ आणि हेडरच्या (मागणीसोबत आत जाणाऱ्या माहितीच्या चिठ्ठीच्या) नावातली मधली रेघ यांची अदलाबदल करू नका. डॉलरच्या चिन्हाने सुरू होतात ते एन्जिनएक्सचे व्हेरिएबल, ते जसेच्या तसे लहान अक्षरांत. रिमोट ॲडरचं स्पेलिंग ए, डी, डी, आर, एवढंच.

लोक प्रॉक्सी पासची एक ओळ टाकतात, साईट उघडते, खूश होतात आणि बाकीच्या चार ओळी सोडून देतात. त्या का हव्यात ते बघा. होस्टची ओळ दिली नाही तर एन्जिनएक्स ॲपला सांगतो की पाहुणा १२७.०.०.१:३००० या पत्त्यावर आलाय. ॲपला तेच खरं वाटतं. पान उघडेल, पण ज्या दिवशी कुणी पासवर्ड विसरेल आणि ॲप त्याला मेल पाठवेल, त्या मेलमधल्या लिंकमध्ये १२७.०.०.१:३००० असेल. ती लिंक दाबली की माणूस स्वतःच्याच कॉम्प्युटरवर शोधायला जातो आणि काहीच मिळत नाही. म्हणजे पट्टीतून घालवलेला पोर्ट मेलमधून परत आला. जँगोवाल्यांना याच ओळीनंतर ४०० ची एरर येऊ शकते, तेव्हा सेटिंग्जमधल्या अलाउड होस्ट्समध्ये आपलं डोमेन घाला.

मधल्या दोन ओळी पाहुण्याचा खरा आयपी आत पोचवतात. त्या नसतील तर ॲपच्या लॉगमध्ये सगळी दुनिया १२७.०.०.१ वरूनच आलेली दिसते, कुणी खोडसाळपणा करत असेल तर ओळखणार कसं? शेवटची ओळ सांगते की पाहुणा एचटीटीपीने आला की एचटीटीपीएसने. ती नसेल आणि ॲपमध्ये ‘सगळ्यांना एचटीटीपीएसवरच पाठव’ असा नियम असेल तर गंमत बघा, एन्जिनएक्स आत नेहमी साध्या एचटीटीपीनेच बोलतो, ॲपला वाटतं पाहुणा असुरक्षित आलाय, तो त्याला एचटीटीपीएसवर जायला सांगतो, पाहुणा तर तिथेच उभा असतो, परत तेच, परत तेच, आणि शेवटी ब्राउझर ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’ म्हणून हात टेकतो. एक्सप्रेसमध्ये या हेडरवर विश्वास ठेव असं वेगळं सांगावं लागतं, ॲप.सेट मध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ आणि किंमत १ किंवा ‘लूपबॅक’.

आणि लोकलहोस्ट न लिहिता १२७.०.०.१ का लिहिलं? कारण लोकलहोस्टचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ताही होऊ शकतो, ॲप तिथे ऐकत नसतं, मग एरर लॉगमध्ये अधूनमधून विचित्र ओळी दिसायला लागतात. आकड्यांत लिहा, शंका नको.

फाईल सेव्ह केली की ती चालू करायची. साईट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये तिची लिंक बनवा: सुडो एलएन डॅश एस, मग मूळ फाईलचा पूर्ण पत्ता, मग साईट्स-एनेबल्ड फोल्डरचा पत्ता. पूर्ण पत्ताच द्या, अर्धवट दिला तर लिंक तुटकी होते. डिफॉल्ट नावाची जी लिंक तिथे आधीपासून आहे ती काढून टाकली तरी चालते, मूळ फाईल अवेलेबलमध्ये राहतेच.

आता सुडो एन्जिनएक्स डॅश टी. ही सवय लावून घ्याच. ही कमांड कॉन्फिग तपासते आणि चूक असेल तर फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर सांगते. ‘टेस्ट इज सक्सेसफुल’ आलं तरच सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एन्जिनएक्स. रीस्टार्ट नाही, रीलोड. रीलोडमध्ये चालू असलेल्या जोडण्या तुटत नाहीत आणि कॉन्फिग चुकीचं असेल तर जुनंच चालू राहतं.

ब्राउझरमध्ये डोमेन टाका. तुमचं ॲप दिसेल, पोर्टशिवाय. माझ्याकडे पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मी तडक बाईंना फोन लावला आणि म्हटलं, फळ्यावरची ती दोन टिंबं आणि तीन हजार पुसून टाका.

कुलूप लावायचं राहिलं

पत्त्याच्या आधी ‘नॉट सिक्युअर’ दिसतंय ते तसंच ठेवू नका, विशेषतः ॲपमध्ये लॉगिन असेल तर. एचटीटीपीएससाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं आणि पाच मिनिटांचं काम आहे. सुडो एपीटी इन्स्टॉल सर्टबॉट आणि त्याच ओळीत पायथन३-सर्टबॉट-एन्जिनएक्स. मग सुडो सर्टबॉट, दोन डॅश एन्जिनएक्स, डॅश डी आणि तुमचं डोमेन. ईमेल विचारेल, अटी मान्य करायला सांगेल, आणि मग तुमच्या त्याच फाईलमध्ये ४४३ च्या ओळी घालून ८० वर आलेल्यांना एचटीटीपीएसकडे पाठवायची सोयही करून देईल. हे पाठवणं मात्र खराखुरा रिडायरेक्ट असतो, आणि इथे तोच बरोबर आहे, कारण ब्राउझरला नवा पत्ता कळायलाच हवा.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट ते आपोआप नवं करतो, पण त्यासाठी ८० उघडा लागतो, म्हणून ‘आता ४४३ आहे, ८० कशाला’ असं म्हणून तो बंद करू नका. एकदा सुडो सर्टबॉट रिन्यू दोन डॅश ड्राय-रन चालवून बघा, लुटुपुटूचं नूतनीकरण होतं, ते पास झालं की निर्धास्त.

एरर आली तर

५०२ बॅड गेटवे सगळ्यात जास्त दिसेल. याचा अर्थ दारातला माणूस जागेवर आहे पण आतली खिडकी बंद आहे. ॲप पडलंय किंवा पोर्ट चुकीचा लिहिलाय. व्हार, लॉग, एन्जिनएक्स या फोल्डरमधली एरर.लॉग उघडा, सुडो टेल डॅश एफ ने. १११ कनेक्शन रिफ्यूज्ड दिसलं तर पायरी एकवर परत जा. १३ परमिशन डिनाइड दिसलं तर तुमचा सर्व्हर बहुधा रॉकी किंवा रेडहॅटच्या घरातला आहे, तिथे एसईलिनक्स ही जादा सुरक्षा व्यवस्था एन्जिनएक्सला आतल्या पोर्टशी बोलू देत नाही. सुडो सेटसीबूल डॅश कॅपिटल पी, एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट, १, असं द्या. इंटरनेटवर एसईलिनक्स बंदच करून टाका असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका, एका ओळीचं काम आहे.

एसएसएचची खिडकी बंद केली की ॲपही बंद पडतं आणि मग ५०२ येतं, हे नव्यांचं ठरलेलं दुखणं. त्यासाठी सिस्टमडीची सर्व्हिस बनवा किंवा नोडवाल्यांनी पीएम२ वापरा, म्हणजे सर्व्हर रीबूट झाला तरी ॲप आपणहून उठतं.

४१३ आलं तर फाईल मोठी आहे. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपर्यंतच घेतो. आमच्याकडे पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे मोबाईलवर काढलेले फोटो ३-४ एमबीचे असायचे, एकही चढेना. सर्व्हरच्या कंसात क्लायंट_मॅक्स_बॉडी_साईझ १०एम; अशी ओळ टाकली, झालं.

५०४ म्हणजे ॲपने ६० सेकंदांत उत्तर दिलं नाही. प्रॉक्सी_रीड_टाइमआउट वाढवता येतो, पण आधी ॲप एवढा वेळ काय करतंय ते बघा ना, सभासद काही मिनिटभर थांबणार नाही.

पान अर्धवट उघडून तसंच अडकलं, चॅट चालेना, स्ट्रीमलिट नुसतं फिरत राहिलं, तर वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि ॲपमधली सतत उघडी राहणारी जोडणी, अडलंय. लोकेशनच्या आत अजून तीन ओळी: प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१, मग प्रॉक्सी_सेट_हेडर अपग्रेड $एचटीटीपी_अपग्रेड, आणि प्रॉक्सी_सेट_हेडर कनेक्शन “अपग्रेड”, एवढ्याने सुटतं. एक बारीक गोष्ट, सेट हेडरच्या ओळी काही वर सर्व्हरमध्ये आणि काही आत लोकेशनमध्ये अशा विभागू नका, आत एक जरी लिहिली तरी वरच्या सगळ्या त्या लोकेशनपुरत्या गळतात. मला हे कळायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

आणि आधी कधी ३०१ चा, म्हणजे कायमचा, रिडायरेक्ट लावून बघितला असेल तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो, तुम्ही काढून टाकला तरी जुन्याच पोर्टवर नेत राहतो. प्रायव्हेट खिडकीत उघडून बघा, किंवा कर्लने. प्रयोग करताना नेहमी ३०२, म्हणजे तात्पुरता, वापरा.

दुसरं ॲप आलं तर

ते ४००० वर चालवा, त्याच्यासाठी वेगळं सबडोमेन घ्या, वेगळी फाईल करा, सर्व्हर नेम आणि पोर्ट बदला. सर्व्हर एकच, ८० आणि ४४३ तेच, एन्जिनएक्स नाव बघून ज्याचं त्याला देतो. एकाच डोमेनखाली /हिशेब/ असं वेगळ्या वाटेवरही ठेवता येतं, पण तिथे प्रॉक्सी पासच्या शेवटच्या तिरप्या रेघेने सगळा खेळ बदलतो. पोर्टच्या पुढे रेघ दिली तर /हिशेब/ हा भाग कापून उरलेलं आत जातं, नाही दिली तर सगळं जसंच्या तसं जातं. शिवाय ॲपच्या सीएसएस आणि चित्रांचे पत्ते मुळापासून लिहिलेले असतील तर ते पहिल्याच ॲपमध्ये शोधले जातात आणि पान उघडंबोडकं दिसतं. नवीन असाल तर सबडोमेनच घ्या.

हे सगळं फार वाटत असेल तर कॅडी नावाचा सर्व्हर बघा. त्यात डोमेन लिहायचं, कंसात रिव्हर्स_प्रॉक्सी १२७.०.०.१:३००० एवढी एकच ओळ, सर्टिफिकेटही तो स्वतःच आणतो. वाईट काही नाही. पण नोकरीत, जुन्या सर्व्हरवर, दुसऱ्याच्या बिघाडात तुम्हाला बहुतेक एन्जिनएक्सच भेटणार, म्हणून एकदा तरी हाताने करून बघा.

सगळं झाल्यावर शेवटची तपासणी राहिली, ती घरच्या वायफायवरून नको. मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा, आणि मुद्दाम जुना पत्ता टाका, डोमेन आणि पुढे कोलन ३०००. तो उघडता कामा नये. उघडला तर पायरी दोन आणि चार परत बघा, ॲप अजून बाहेरचं ऐकतंय. मग ३००० काढून नुसतं डोमेन टाका, कुलूप दिसतंय का बघा, लॉगिन करा, एक फोटो चढवा, आणि स्वतःलाच पासवर्ड रीसेटचा मेल पाठवून त्यातली लिंक उघडून बघा.